एआय हवं, मग भौतिकशास्त्र का नको?

गेल्या महिन्यात कल्याणला एका हॉलमध्ये आपल्या मुलामुलींसाठी करिअर मार्गदर्शन मेळावा झाला. पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'एआय तज्ज्ञ' असं छापलं होतं. मी एआय तज्ज्ञ नाही. मी प्रायोगिक कणभौतिकीत काम करतो. माझं शिक्षण कल्याणच्या कॉलेजात आणि नंतर कलिन्याला झालं, पीएचडी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सीएमएस या प्रयोगावर झाली. मशीन लर्निंग हे आमच्या कामाचं हत्यार आहे, जसं सुताराकडे रंधा असतो. पण रंध्याला आज बाजारात भाव आहे आणि सुतारकामाला नाही, म्हणून संयोजकांनी माझी पाटी बदलून टाकली.

शाल झाली, गुच्छ झाला. मग मी म्हणालो की तुमच्यातल्या ज्यांना गणित आणि भौतिकशास्त्र मनापासून आवडतं, त्यांनी ते सोडून सहा महिन्यांच्या एआय कोर्सला जाऊ नये. बीएस्सी करा, एमएस्सी करा, पीएचडी करा. पहिल्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. बाहेर टेबलावर ज्या क्लासची पत्रकं वाटली जात होती, त्याच क्लासने मंडपाचा खर्च उचलला होता, हे मला नंतर कळलं. त्या पत्रकावरची फी मी दोनदा वाचली. माझ्या एमएस्सीच्या दोन वर्षांच्या फीच्या ती कितीतरी पट होती.

भाषण संपल्यावर जे वादंग झालं, त्याला तिथे नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो.

सर्वात जोरकस मुद्दा एका ज्येष्ठांनी मांडला. मी लहान असल्यापासून ते मला ओळखतात. ते म्हणाले, "बेटा, तू हुशार, आम्हाला तुझा अभिमान आहे. पण तू सदतीस वर्षांचा झालास आणि अजून कंत्राटावर आहेस. आमच्या पोरांना हाच रस्ता दाखवतोस?"

हे खरं आहे. लपवण्यात अर्थ नाही. पीएचडीला मला सहा वर्षं लागली, त्यानंतर दोन पोस्टडॉक झाले, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन वर्षांचं कंत्राट. एका शहरात नाव सांगितल्यावर भाड्याची खोली दोनदा हातची गेली. एकदा फेलोशिपचे पैसे सात महिने आले नाहीत आणि अब्बांनी टेम्पोच्या हप्त्याचे पैसे मला पाठवले. कायम नोकरीच्या जागा कमी आणि अर्जदार पुष्कळ, ही परिस्थिती फक्त आपली नाही, जगभर तीच आहे. कणभौतिकीत पीएचडी झालेले बहुतेक जण शेवटी विद्यापीठाबाहेर जातात. बँका, सॉफ्टवेअर, वैद्यकीय उपकरणं, हवामान. आणि तिथे त्यांना घेतात ते कशासाठी? ज्या एआयसाठी तुम्ही हॉलबाहेर टेबल मांडलं होतं, त्याचसाठी. चाचांच्या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर एवढंच की हा रस्ता लांब आहे, पण बंद नाही. मधेच उतरलात तरी तुमच्या हातात असं काहीतरी असतं जे सहा महिन्यांत कुणीही देऊ शकत नाही.

ते काय असतं, हे सांगायला थोडं खोलात जावं लागेल.

सर्नच्या २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा एकमेकांना छेदून जातात. एवढी माहिती जगातला कुठलाही संगणक साठवू शकत नाही. म्हणून ट्रिगर नावाची यंत्रणा असते. ती सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात ठरवते की ही टक्कर ठेवायची की फेकायची. पहिल्या टप्प्यात ४ कोटींतल्या साधारण १ लाख उरतात, दुसऱ्या टप्प्यानंतर हजाराच्या आसपास. जे फेकलं ते कायमचं गेलं. हिग्ज कण सुमारे १०० कोटी टकरींत एकदा तयार होतो. तेव्हा फेकताना चूक झाली तर शोधच हरवतो. या ट्रिगरमध्ये आणि नंतरच्या विश्लेषणात आता सगळीकडे न्यूरल नेटवर्क्स आहेत. पण ही काही चॅटबॉट आल्यानंतरची फॅशन नाही. कणांचे माग जोडण्यासाठी न्यूरल नेटवर्क वापरण्याचे प्रयत्न १९८८ पासूनचे आहेत. ४ जुलै २०१२ ला हिग्जची घोषणा झाली, तेव्हा सीएमएसच्या विश्लेषणात मशीन लर्निंगचे निर्णयवृक्ष होतेच. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल हॉपफिल्ड आणि हिंटन यांना न्यूरल नेटवर्कच्या पायाभूत कामासाठी मिळालं. म्हणजे तुम्ही ज्याला 'नवीन क्षेत्र' म्हणून विकताय, त्याच्या मुळाशी तेच शास्त्र आहे ज्याला तुम्ही 'त्यात स्कोप नाही' म्हणून बाद करताय.

आता माझी स्वतःची एक फजिती. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी एक नेटवर्क तयार केलं. हवे ते कण एका बाजूला, नको तो कचरा दुसऱ्या बाजूला. आकडे इतके सुंदर आले की रात्री घरी फोन करून अम्मीला सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण ती खूश झाली. नंतर लक्षात आलं की मला जे शोधायचं होतं त्याचं वस्तुमानच नेटवर्कने पाठ करून ठेवलं होतं. त्यामुळे निव्वळ कचऱ्याचा ढीग जरी त्यातून गाळला, तरी बरोबर माझ्या अपेक्षेच्या जागी उंचवटा दिसायचा. यंत्र शोधत नव्हतं, मला जे हवं होतं ते घडवत होतं. तीन महिन्यांचं काम टाकून दिलं. वरिष्ठांनी रागावलंही नाही. ते म्हणाले, हे प्रत्येकाच्या बाबतीत एकदा होतं, म्हणून तर आपण आंधळं विश्लेषण करतो. म्हणजे जिथे शोध लागण्याची शक्यता आहे तो भाग झाकून ठेवायचा, सगळी पद्धत आधी ठरवायची, इतरांकडून तपासून घ्यायची, आणि मगच झाकण काढायचं. आपली इच्छा निकालात शिरू नये म्हणून.

आणि झाकण काढल्यावरही घाई नाही. डिसेंबर २०१५ मध्ये सीएमएस आणि अ‍ॅटलास या दोन्ही प्रयोगांना ७५० जीईव्हीच्या आसपास एक उंचवटा दिसला. जगभरच्या सिद्धांतकारांनी काही महिन्यांत त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले. ऑगस्ट २०१६ पर्यंत जास्त माहिती जमली आणि उंचवटा विरघळला. योगायोग होता. कुणी तो रेटून नेला नाही. आमच्याकडे शोध म्हणायला 'पाच सिग्मा' लागतात. म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता ३५ लाखांत एक इतकी कमी असावी लागते.

"पण याचा कौमला काय फायदा?" हा हॉलमधला दुसरा प्रश्न होता आणि टाळ्या त्यालाच पडल्या. ऐका.

२०२० च्या दिल्ली दंगलीनंतर केंद्रीय गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने ११०० हून अधिक लोकांची ओळख पटवली आहे. पुढे २०२२ मध्ये माहितीच्या अधिकारात दिल्ली पोलिसांनी उत्तर दिलं की ८० टक्क्यांहून जास्त साम्य दिसलं की ते जुळलं असं धरतात. ८० टक्के साम्य म्हणजे ८० टक्के खात्री नव्हे, हे भौतिकशास्त्राच्या किंवा संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. साम्याचा आकडा हा यंत्राने स्वतःला दिलेला मार्क आहे. तो मार्क किती वेळा खोटा ठरतो हे वेगळं मोजावं लागतं.

कल्याण स्टेशनचंच उदाहरण घेऊ. समजा एका दिवशी १ लाख माणसं कॅमेऱ्यासमोरून गेली. त्यात पोलिसांना हवे असलेले १० जण आहेत. यंत्र फार चांगलं आहे, त्या दहाही जणांना ओळखतं आणि निर्दोष माणसाला चुकून पकडण्याचं प्रमाण फक्त १ टक्का. ऐकायला उत्तम. पण १ लाखाचा १ टक्का म्हणजे १ हजार. यंत्राने घंटा वाजवलेल्या १०१० माणसांत दोषी १० आणि निर्दोष १०००. म्हणजे घंटा वाजलेल्या दर शंभरात नव्याण्णव निर्दोष. ज्या यंत्राची जाहिरात '९९ टक्के अचूक' अशी होते, त्याचीच ही गत. हे गणित आम्ही रोज करतो, कारण आमचा कचरा आमच्या कणांपेक्षा कोट्यवधी पटींनी जास्त असतो. आमच्याकडे चूक झाली तर एक शोधनिबंध मागे घ्यावा लागतो. तुमच्याकडे चूक झाली तर कुणाचा तरी मुलगा वर्षानुवर्षं आत राहतो.

महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये पोलिसांसाठी 'मार्वेल' नावाची एआय संस्था उभी केली आहे. मी ती वाईट म्हणत नाही. चोर पकडायला यंत्र वापरलं तर मला आनंदच आहे. पण न्यायालयात उभं राहून 'या यंत्राचा खोट्या घंटेचा दर किती, तो कुठल्या लोकांवर तपासला, झाकण कधी काढलं' हे विचारणारी माणसं आपल्याकडे किती आहेत? वकील आहेत. त्या वकिलाच्या कानात प्रश्न सांगणारा कोण आहे? सहा महिन्यांच्या कोर्समध्ये तयार मॉडेल बोलावून कसं चालवायचं ते शिकवतात. ते खोटं कधी बोलतं हे शिकवत नाहीत. ते शिकायला मी सांगितली तशी एक फजिती लागते, आणि ती होऊ देणारी सहा वर्षं.

तिसरा मुद्दा, जो कुणी माईकवर बोललं नाही पण जेवताना सगळे बोलले: "ते आपल्याला घेतच नाहीत." याचं उत्तर सरळ हो किंवा नाही असं देता येत नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आहे की देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांत एक मुसलमान, आणि पदव्युत्तरच्या दर ५० विद्यार्थ्यांत एक. पदवीनंतर संख्या निम्मी होते. हे निम्मे कुठे गेले? काहींना व्यवस्थेने गाळलं असेल, मला त्याबद्दल भाबडेपणा नाही, खोलीचा अनुभव वर सांगितलाच आहे. पण काहींना आपण गाळलं. डोंबिवलीत सहावीच्या पोरांना होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला बसवण्यासाठी आया क्लासच्या दारात उभ्या असतात. दूधनाका आणि डोंबिवली एकाच महापालिकेत येतात, कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली. डोंबिवलीहून मुंब्रा आणखी तीन स्टेशनं. त्या मेळाव्यात मी विचारलं, ही परीक्षा कुणी ऐकली आहे? चार हात वर आले. त्यातले दोन शिक्षकांचे.

टाटा मूलभूत संशोधन संस्था, टीआयएफआर, आपल्या लोकल लाइनच्या टोकाला आहे. सीएसएमटीला उतरायचं आणि कुलाब्याच्या नेव्हीनगरची बस पकडायची. १९४५ साली सुरू झालेली ही संस्था. इथल्या लोकांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल खाली उपकरणं नेऊन १९६५ मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो टिपले, जगात पहिल्यांदा टिपणाऱ्या दोन गटांपैकी एक. सीएमएसच्या कॅलरीमापकाचा बाहेरचा थर इथे आणि चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात तयार झाला. अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचा गट सर्नच्या अ‍ॅलिस प्रयोगात आहे. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, म्हणजे सर्नला आपल्या करातून पैसे जातात. तुमच्या अब्बांच्या टेम्पोच्या डिझेलवरच्या करातूनही. मग तिथे जाण्याचा अर्ज आपण का भरत नाही? टीआयएफआरची प्रवेशपरीक्षा, कलिन्याच्या सीबीएससाठीची नेस्ट, एमएस्सीसाठीची जॅम, या परीक्षांच्या फॉर्मवर धर्माचा प्रश्न आडवा येत नाही, आणि लेखी पेपर तपासणाऱ्याला तुमचं आडनाव दिसत नाही. मी टीआयएफआरच्या परीक्षेत दोनदा नापास झालो. दोन्ही वेळा माझं इलेक्ट्रोडायनॅमिक्स कच्चं होतं. कारण तेवढंच होतं.

पण सरकारने हात धुवून मोकळं व्हावं असं मी म्हणत नाहीये. सच्चर अहवालानंतर २००९ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. अल्पसंख्याक समाजांतल्या एमफिल-पीएचडी करणाऱ्यांसाठी. डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं गेलं की ती २०२२-२३ पासून बंद, कारण इतर योजनांशी तिची सरमिसळ होते. सरमिसळ कुणाची? आपल्यातले जे ओबीसी यादीत आहेत, त्यांना ओबीसीची फेलोशिप मिळू शकते. जे यादीत नाहीत त्यांचं काय? आणि आपल्यातल्या दलित जातींना तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या योजनांत जागाच नाही. त्यांच्यासाठी कुठली योजना दुसरी होती? याच सुमारास पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीही काढून घेतली. खालून शिडी काढली आणि वरूनही.

शिष्यवृत्तीने काय होतं, याचं उदाहरण त्या हॉलमध्येच असायला हवं होतं आणि नव्हतं. स्टेजमागच्या बॅनरवर इब्न अल-हैसम होते, अल-ख्वारिझ्मी होते, कलामसाहेब होते. अब्दुस सलाम नव्हते. मी विचारलं, तर कुणी उत्तर दिलं नाही, एकाने घड्याळ पाहिलं. १९४६ मध्ये पंजाब सरकारने लहान शेतकऱ्यांच्या मुलांसाठी परदेशी शिक्षणाच्या मोजक्या शिष्यवृत्त्या काढल्या. त्यातल्या एकीवर झंगचा हा मुलगा केंब्रिजला गेला. १९७९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याच्या आणि वाइनबर्ग, ग्लॅशो यांच्या सिद्धांताने भाकीत केलेले डब्ल्यू आणि झेड कण १९८३ मध्ये सर्नमध्येच सापडले. या माणसाच्या कबरीवरचा 'मुस्लिम' हा शब्द खोडला गेला, कारण तो अहमदी होता. ते पाकिस्तानात झालं. पण कल्याणच्या बॅनरवरून त्याला कुणी खोडलं? हजार वर्षांपूर्वीचे शास्त्रज्ञ लावायला सोपे असतात, ते आपल्याला काही विचारत नाहीत. सलामसाहेबांचं नाव घेतलं की विचारावं लागतं, आपल्या ट्रस्टच्या पैशातून गेल्या दहा वर्षांत किती मुलांची एमएस्सी झाली?

मी तो प्रश्न विचारला. हॉलचं भाडं, जेवण, बॅनर, ट्रॉफ्या यांचा खर्च संयोजकांनी अभिमानाने सांगितला होता. तेवढ्या पैशात दोन मुलांचा दोन वर्षांचा रेल्वे पास, परीक्षांचे फॉर्म आणि हॉस्टेलचं डिपॉझिट सहज झालं असतं. फेलोशिप अडकते तेव्हा सहा महिने तगवायला कर्ज-ए-हसना देणारा एखादा फंड असता, तर अब्बांचा हप्ता चुकला नसता. राज्य सरकारने २०२४ मध्ये 'मार्टी' या अल्पसंख्याक संशोधन व प्रशिक्षण संस्थेला मंजुरी दिली. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या धर्तीवर. आमदार साहेब मंचावर होते. मार्टीतून मूलभूत विज्ञानातल्या पीएचडीला किती फेलोशिप मिळणार, हे त्यांना विचारायला कुणी उठलं नाही. सगळे त्यांच्यासोबत सेल्फी काढत होते. मीही उठलो नाही, हे कबूल करतो.

तरुण वाचकांना एक गोष्ट मात्र आजच सांगायची आहे, त्यासाठी कुणाच्या मंजुरीची गरज नाही. सीएमएसने आपल्या खऱ्या टकरींची माहिती २०१४ पासून सर्वांसाठी खुली करायला सुरुवात केली. बनवलेली नाही, खरी. ती कौशातल्या खोलीत, साध्या लॅपटॉपवर, पायथॉनमध्ये उघडता येते. दोन म्यूऑनचं एकत्र वस्तुमान मोजा, आलेख काढा, ९१ जीईव्हीजवळ झेडचा उंचवटा दिसेल. सलामसाहेबांचा झेड. तो स्वतःच्या हाताने काढला की मग ठरवा हे आवडतं की नाही. आवडलं नाही तर खुशाल दुसरीकडे जा, माझी काही तक्रार नाही.

हे सगळं लिहायला बसायचं खरं कारण वेगळं होतं. मेळाव्यानंतर मुंब्र्याचे एक गृहस्थ मला बाजूला घेऊन गेले. त्यांची पुतणी भौतिकशास्त्रात बीएस्सी झाली आहे आणि एका राष्ट्रीय संस्थेत इंटिग्रेटेड पीएचडीला तिची निवड झाली आहे. विद्यावेतनासकट, फी जवळजवळ नाही. त्याच वेळी एका कंपनीची डेटा सायन्सची नोकरीही आली आहे, आणि एक स्थळही. "तुम्ही तिला समजवा," ते म्हणाले. "तुमचं ऐकेल. सहा-सात वर्षं म्हणजे तिचं सगळं वय जाईल."

मी म्हणालो, समजवायचं असेल तर तुम्हालाच समजवतो, बसा. अर्धा तास बसलो. जेआरएफ काय असतं, किती मिळतं (२०२३ पासून जेआरएफ महिना ३७ हजार आणि घरभाडं वेगळं), पुढे काय होऊ शकतं, काय होणार नाही, हे सगळं सांगितलं. माझं कंत्राट पुढच्या मार्चला संपतंय हेही सांगितलं. त्यांनी वहीत आकडे लिहून घेतले, पण हो म्हणाले नाहीत.

परवा रात्री त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. हॉस्टेलमध्ये मुलींसाठी वेगळा मजला आहे का, दरवाजा किती वाजता बंद होतो, आणि पहिल्या दिवशी सोबत किती जण येऊ शकतात. मी संस्थेत फोन करून तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यांना कळवली आहेत.